माणूस आतून रानटीच असतो का? पुस्तकं, नाटकं आणि सिनेमे खरं काय दाखवतात

प्रश्न असा आलाय: एम.ए.च्या सेमिनारला 'सभ्यता विरुद्ध रानटीपणा' हा विषय मिळाला, गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' आणि कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' वाचून झाली, आणि सगळ्या गाइडांमध्ये एकच उत्तर सापडतंय की माणूस मुळात जनावर आहे, संस्कृती हा वरचा मुलामा, तो खरवडला की आतला अंधार बाहेर येतो. हे खरं आहे का, आपल्या मराठीत या विषयावर दाखवण्यासारखं काय आहे, आणि सेमिनारची मांडणी कशी करायची?

मी नागपुरात बरीच वर्षं हीच पुस्तकं शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना जमवून सिनेमे दाखवतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, वेळ काढून वाच.

मुलाम्याची ही थिअरी मला पटत नाही. माणूस चांगलाच असतो असंही मी म्हणत नाही, पेपर वाचणारा कोणी तसं म्हणू शकेल असं मला वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की या विषयावरची जी खरोखर मोठी पुस्तकं आहेत त्यांच्यात क्रूरपणा नियमाचं बोट धरून येतो, म्हणजे कोणीतरी त्याला परवानगी देतं, कोणीतरी वहीत नोंद ठेवतं, आणि बाकीचे उभं राहून बघतात. 'माणसाच्या आत काय आहे' हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि प्रत्येक प्रसंगाला 'याला परवानगी कोणी दिली' असं विचारत जा, तीच पुस्तकं वेगळी दिसायला लागतात.

आता गोल्डिंग. हा माणूस शाळामास्तर होता आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता, नॉर्मंडीच्या चढाईत प्रत्यक्ष होता, म्हणजे शाळेतली पोरं आणि युद्धातली माणसं दोन्ही त्याने जवळून पाहिली होती. पुस्तक १९५४ चं, युद्धाच्या काळात विमान पडून निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज शाळकरी पोरांचं; राल्फला ती प्रमुख निवडतात, जॅक पुढे फुटून आपली टोळी करतो. त्याच्या आधी शंभरेक वर्षं, १८५७ ला, बॅलंटाइनची 'कोरल आयलंड' आली होती, त्यात तीन इंग्रज पोरं बेटावर अडकतात आणि एकदम शहाण्यासारखी वागतात, वाईटपणा सगळा बाहेरून येतो, चाच्यांकडून आणि तिथल्या 'रानटी' लोकांकडून. गोल्डिंगने त्यातली राल्फ आणि जॅक ही नावंसुद्धा उचलली आणि सांगितलं की बाहेरून कोणी यायची गरजच नाही. इथपर्यंत गाइडवाले बरोबर आहेत. पण ते एक गोष्ट सोडून देतात, जॅक पहिल्यांदा दिसतो तो कसा? तो चर्चच्या गायकमंडळाचा म्होरक्या आहे, भर उन्हात काळे झगे घातलेल्या पोरांना दोन रांगांत चालवत आणतो, त्यातला सायमन चक्कर येऊन पडतो तरी जॅकला त्याचं काही नाही. मी प्रमुख काहून व्हावं, तर म्हणे मी हेड बॉय आहे आणि मला वरचा सूर लागतो. म्हणजे बेटावरची सगळ्यात शिस्तीची, युनिफॉर्मवाली, हुकूम ऐकायची सवय असलेली तुकडी तीच पुढे शिकारी टोळी होते. शिस्त सुटली म्हणून ती बिघडली हे कसं म्हणायचं, शिस्त तर तशीच आहे, फक्त तिचं काम बदललं.

रॉजरचा प्रसंग तर मी वर्गात दरवर्षी ओळीओळीने वाचतो. चौथ्या प्रकरणात रॉजर झाडाआड बसून किनाऱ्यावर खेळणाऱ्या छोट्या हेन्रीकडे दगड फेकतो, पण नेम मुद्दाम चुकवतो. त्या पोराभोवती काही यार्डांची एक मोकळी जागा आहे जिथे दगड टाकायची रॉजरची हिंमत होत नाही, कारण तिथे आईबाप, शाळा, पोलीस आणि कायदा न दिसता उभे आहेत, आणि गोल्डिंग तिथेच सांगून टाकतो की ती संस्कृती स्वतःच उद्ध्वस्त होऊन पडलीय. पुढे हाच रॉजर वरून मोठा धोंडा लोटून राल्फच्या बाजूच्या पिगीला मारतो, आणि त्या दोन प्रसंगांच्या मध्ये काय झालं ते शोध म्हणून मी पोरांना सांगतो. त्याच्या आतलं काहीतरी जागं झालं हे उत्तर सोपं पडतं. पुस्तकात दिसतं ते असं की मध्ये एक प्रमुख तयार झाला, तोंडाला रंग लागला, कोणाला बांधून मारलं तर का म्हणून विचारणारं कोणी उरलं नाही. रॉजरला परवानगी मिळाली.

आणि सायमनचा खून कोण करतं? सगळे. रात्रीच्या शिकारी नाचात त्याला 'बीस्ट', म्हणजे बेटावरचं भयानक जनावर, समजून मारतात, आणि राल्फ आणि पिगीसुद्धा त्या नाचाच्या कडेला होते. दुसऱ्या दिवशी राल्फ म्हणतो तो खून होता, आणि पिगी, आपला शहाणा, चष्मेवाला, विज्ञान मानणारा पिगी म्हणतो की तो अपघात होता, अंधार होता, आपण तर बाहेरच्या बाजूला होतो. हे पान मला अख्ख्या पुस्तकात सगळ्यात भीतीदायक वाटतं, धोंड्याच्या प्रसंगापेक्षाही. ज्या 'बीस्ट'ला पोरं घाबरतात तो म्हणजे हवाई लढाईत मरून पॅराशूटने खाली आलेला वैमानिक, मोठ्या सुसंस्कृत माणसांच्या युद्धातून पडलेलं प्रेत. शेवटी पोरांना सोडवायला येणारा नौदलाचा अधिकारी ब्रिटिश पोरं असून असं कसं वागलात म्हणतो, आणि त्याच्या मागे समुद्रात त्याची युद्धनौका उभी आहे. सिनेमा बघायचा तर पीटर ब्रूकचा १९६३ चा ब्लॅक अँड व्हाइट बघ, १९९० वाला सोडलास तरी चालेल.

आता गाइडमध्ये कधीच नसणारी एक खरी घटना. १९६५ ला टोंगामधली बोर्डिंग शाळेची सहा पोरं शाळेला कंटाळून एक बोट पळवून समुद्रात गेली, वादळात सापडली, वाहत वाहत अटा नावाच्या निर्जन बेटाला लागली आणि पंधरा महिन्यांच्या वर तिथे राहिली. १९६६ ला पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन कॅप्टनला ती सापडली तेव्हा सगळी जिवंत होती. त्यांनी आग विझू दिली नव्हती, कामं वाटून घेतली होती, भांडण झालं तर दोघांनी बेटाच्या वेगवेगळ्या टोकाला जाऊन डोकं शांत करायचं असं ठरवलेलं होतं, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून बसवला आणि त्याच्या वाटचं काम केलं. परत आल्यावर मात्र त्यांना बोट चोरल्याबद्दल अटक झाली.

लोक ही गोष्ट सांगतात आणि म्हणतात बघा, गोल्डिंग खोटा पडला. मला तेवढं सरळ वाटत नाही. सहा पोरं एकाच शाळेतली, एकमेकांची दोस्त, त्यांच्यात कोणी आधीच हुकूम चालवणारा नव्हता, त्यामुळे तुलना करताना हे ध्यानात ठेवावं लागतं. पण त्या बेटाबद्दलची दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. अटा निर्जन का होतं? तिथे पूर्वी अख्खं गाव होतं. १८६३ मध्ये गुलामांच्या व्यापाराचं एक जहाज आलं आणि गावातली जवळपास निम्मी माणसं फसवून घेऊन गेलं, मग उरलेल्यांनाही तिथून हलवावं लागलं. वर डोंगरातल्या त्या जुन्या गावठाणात केळी आणि कोंबड्या उरल्या होत्या, त्या खाऊन ही पोरं जगली. म्हणजे बेटावर खरोखर जे अघोरी घडलं होतं ते शंभर वर्षं आधी, आणि ते करणारे हिशेबाच्या वह्या घेऊन व्यापार करायला आलेले लोक होते. तुझ्या सेमिनारमध्ये हा मुद्दा टाकच.

हिशेबाच्या वहीवरून कॉनरॅड. तो स्वतः १८९० ला काँगोत जाऊन आला होता, बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची खाजगी वसाहत होती ती, १८८५ ते १९०८. 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही गोष्ट १८९९ ला मासिकात आली, पुस्तकात १९०२ ला. सगळे कर्ट्झवर, म्हणजे आत जंगलात राजासारखा राहणाऱ्या कंपनीच्या हस्तिदंत-एजंटवर लिहितात, त्याच्या घरासमोरच्या खांबांवरच्या मुंडक्यांवर लिहितात. तू कंपनीच्या अकाउंटंटवर लिही. गोष्ट सांगणारा खलाशी मार्लो पहिल्या ठाण्यावर उतरतो तेव्हा झाडांच्या सावलीत मजूर उपाशी, आजारी, मरायला टाकलेले दिसतात, आणि तिथून काही पावलांवर हा माणूस भेटतो, कडक इस्त्रीची कॉलर, पांढरेशुभ्र कफ, भांग पाडलेला, कानावर पेन. वह्या एकदम व्यवस्थित. त्याच्या ऑफिसात एक आजारी माणूस खाटेवर कण्हत पडलेला असतो तर याची तक्रार काय, तर त्या कण्हण्याने लक्ष विचलित होतं आणि आकडेमोडीत चूक होऊ शकते. मार्लोला त्याच्याबद्दल आदर वाटतो, खरंच वाटतो, आणि कॉनरॅड तो आदर तसाच ठेवतो, पुसत नाही. कर्ट्झ जंगलात जाऊन वेडा झाला असं म्हणता येतं, पण हा अकाउंटंट कुठे वेडा झालाय? त्याच्याशिवाय हस्तिदंत युरोपला पोचणारच नाही.

त्याच पुस्तकात मार्लोच्या बोटीवरचे खलाशी नरभक्षक आहेत. पगार म्हणून त्यांना आठवड्याला नऊ नऊ इंची पितळी तारेचे तीन तुकडे मिळतात, ज्याचं वाटेत काही विकत मिळत नाही, त्यांचं हिप्पोचं मांस गोऱ्यांनी वास येतो म्हणून पाण्यात फेकलेलं. ते तीस, गोरे पाच. तरी ते हात लावत नाहीत, आणि मार्लो विचारात पडतो की इतक्या भुकेत हा संयम आला कुठून. आता नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेने १९७५ च्या भाषणात कॉनरॅडला सरळ वंशवादी म्हटलं, कारण आफ्रिका त्याच्याकडे गोऱ्या माणसाच्या मनाचं नेपथ्य होते, तिथल्या माणसांना जवळपास बोलूच देत नाही. मला अचेबेचं बरोबर वाटतं आणि तरी मी कॉनरॅड शिकवतो, तो अकाउंटंट दुसऱ्या कोणी असा दाखवला नाही म्हणून. दोन्ही वाच, अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' सोबत ठेव, तिच्या शेवटच्या परिच्छेदात इंग्रज अधिकारी एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याला आपल्या पुस्तकात एखादा परिच्छेद द्यावा असा विचार करत चालतो. कॉनरॅडच्या याच गोष्टीवरून घेतलेला कोपोलाचा सिनेमा 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) व्हिएतनाम युद्धातला आहे, त्यावर इंटरनेटवर ढीगभर आहे, मी वेळ घालवत नाही.

मराठीत काय आहे विचारलंस, तर मराठीत याच्यावर जेवढं नाटकात झालंय तेवढं कादंबरीत झालं नाही असं माझं मत आहे.

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', पहिला प्रयोग १९६७ चा. मध्यमवर्गीय हौशी मंडळी एका गावात प्रयोगाला आलीत, त्यांचा प्रयोग कशावर, तर अणुबॉम्बबद्दल अमेरिकेच्या अध्यक्ष जॉन्सनवर खटला. म्हणजे जगाच्या मानवतेची काळजी करणारी माणसं. वेळ घालवायला आणि गावच्या सामंतला कोर्ट कसं चालतं ते दाखवायला खोटा खटला लावतात, आरोपी करतात बेणारेबाईला, आरोप भ्रूणहत्येचा. खेळच तो. पण हळूहळू तिचं खाजगी आयुष्य साक्षीपुराव्यात यायला लागतं, ती उठून जायला बघते तर दाराची कडी बाहेरून लागलेली. नाटकात कोणी पिसाळून तिच्यावर तुटून पडत नाही, सगळं कोर्टाच्या भाषेत चाललंय, शपथ, साक्ष, उलटतपासणी, मिलॉर्ड. ज्या प्रोफेसर दामल्यांमुळे ती गरोदर आहे ते तिथे नाहीतच, त्यांची खुर्ची रिकामी, आणि त्यांना आरोपी करायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. शिक्षा सुनावतात की गर्भ नष्ट करावा. आणि लगेच, अहो बेणारेबाई मनाला लावून घेऊ नका, खेळ होता. मुलामा खरवडला गेला असं इथे कुठे म्हणशील? मुलामा शाबूत आहे, त्यानेच मारलं. तेंडुलकरांचंच 'सखाराम बाइंडर' (१९७२) याच्या उलट टोकाचं दिसतं, शिवराळ, दारुडा सखाराम, पण त्यात चंपाचा गळा सखाराम दाबतो तेव्हा त्याला तिथपर्यंत नेणारी आणि नंतर प्रेत पुरायला पुढे होणारी देवभोळी लक्ष्मी आहे, हे वाचताना सोडू नको.

आणि आपल्या नागपूरचं, एलकुंचवारांचं 'होळी'. सर इथे कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे हॉस्टेलची पोरं त्यांनी कुठून पाहिली हे वेगळं सांगायला नको. होळीची सुट्टी नाही दिली म्हणून चिडलेली पोरं, दिवसभर टवाळी, चिडवाचिडवी, मग तोडफोड, जाळपोळ, आणि शेवटी एका कमजोर पोराची अशी विटंबना की तो जीव देतो. केतन मेहतांनी १९८४ ला सिनेमा केला, आमिर खान त्यात पोरगाच होता. मी म्हणेन गोल्डिंगच्या पुस्तकासमोर ठेवायला यापेक्षा चांगलं काही नाही, कारण इथे बेट नाही, विमान पडलेलं नाही, प्रिन्सिपॉल आहेत, घंटा आहे, वेळापत्रक आहे, मेस आहे. आणि मोठ्यांना सगळं दिसतंय. सिनेमात तो पोरगा प्रिन्सिपॉलना नावं सांगतो म्हणून बाकीचे त्याच्यावर उठतात, आणि वर्गात चर्चा घेतली की दर बॅचला कोणीतरी म्हणतंच, 'पण सर, त्याने नावं सांगायला नको होती ना.' म्हणणारा पोरगा काही दुष्ट नसतो, बरेचदा चांगला अभ्यास करणारा असतो, आणि हॉस्टेलमध्ये राहिलेली दोनचार पोरं त्या वेळी खाली बघत बसलेली असतात. तेव्हा मी तास तिथेच थांबवतो आणि त्या एका वाक्यावर बोलतो, पुढचं पोर्शन दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा आला तो १९९९ ला, सिनेमानंतर पंधरा वर्षांनी.

दुसरी बाजू पण घ्यावी लागेल, रानटी कोणाला म्हणतात ती. गडचिरोलीकडच्या माडिया आदिवासी लोकांबद्दल आपल्या शहरात लोक काय बोलतात ते तू ऐकलंच असशील, आणि हे शहर वसवलं कोणी, तर देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ मध्ये. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला गेला पण पारध्याच्या पोराकडे बघायची नजर गेली का? लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) घे. त्यात चोरी करणारी माणसं आहेत आणि चौकशीच्या नावाखाली घरात घुसून मारणारे पोलीस आहेत, आणि लेखक कोणालाच साजूक करून दाखवत नाही. सिनेमात 'फँड्री' (२०१३). जब्या या दलित पोराचं कुटुंब गावच्या सांगण्यावरून डुकरामागे पळतंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर समोर असून. आणि भोवतीचं गाव भिंतींवर बसून हसतंय. इथेही परत तेच, बघणारे. जब्याचा दगड शेवटी येतो तो त्यांच्याच दिशेने, म्हणजे आपल्याच.

इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मधला खांडववन जाळण्यावरचा लेख वेळ असेल तर वाच. कृष्ण आणि अर्जुन वन पेटवतात, पळणारे जीव पकडून पकडून परत आगीत मारतात, त्यातून वाचलेला मय पांडवांना ती झगमगीत सभा बांधून देतो. बाई फार शांतपणे लिहितात आणि काहीही सोडत नाहीत. सत्यजित रायांच्या शेवटच्या सिनेमात, 'आगंतुक' (१९९१) मध्ये, म्हातारा मामा सुशिक्षित वकिलाला सांगतो की सभ्य तो, जो एक बटण दाबून अख्खं शहर नष्ट करू शकतो, आणि मनात काही हललं नाही तरी त्याचं चालतं. वाद लांब आहे आणि थोडा भाषणासारखा आहे, पण तुझ्या विषयाला थेट लागू आहे.

आता जे लिहितोय ते सेमिनारमध्ये घ्यायचं की नाही तू ठरव, पण नागपुरात बसून हा विषय मांडायचा आणि हे टाळायचं हे मला बरोबर वाटत नाही. १३ ऑगस्ट २००४, आपल्या जिल्हा कोर्टात, भर दिवसा, कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादवला ठार केलं. वस्तीवर वर्षानुवर्षं बलात्कार, खून, खंडणी असे आरोप असलेला गुंड, आणि बायकांचं म्हणणं की तक्रार करायला गेलो तर ऐकून घेत नाहीत, तो परत सुटतो. बातम्यांमध्ये 'जंगलराज', 'रक्तपिपासू जमाव' असे शब्द आले. २०१४ ला सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. '२०० हल्ला हो' (२०२१) हा सिनेमा यावरून घेतलाय, अमोल पालेकर आहेत त्यात, बरा आहे, पण प्रेक्षकाला फार लवकर टाळ्या वाजवायला लावतो. मला त्या टाळ्या नको वाटतात, कारण एक माणूस न्यायालयाच्या खोलीत तोडला गेला आणि ते भयंकरच आहे. पण त्या दिवशी मुलामा उडाला असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, त्या बायकांच्या घराभोवती तो कधी लागला होता? रॉजरच्या त्या मोकळ्या जागेत पोलीस आणि कायदा उभे होते, कस्तुरबानगरच्या झोपड्यांभोवती कोण उभं होतं? दोनच वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ ला, भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला गावाने एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. जमाव तोही. पण तिथे मारणाऱ्यांना गावात कोणाची भीती नव्हती आणि इथे बायकांना वर्षानुवर्षं भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं. दोन्ही घटनांना 'माणसातलं जनावर' म्हणून एकाच खात्यात टाकलं की आपण काहीच समजून घेतलेलं नसतं.

मांडणीबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. गोल्डिंगच्या पोरांचा सभेचा शंख म्हणजे लोकशाही, पिगीचा चष्मा म्हणजे विज्ञान, असा तक्ता करू नको, सगळे तोच आणतात आणि मास्तर झोपतात. कॉनरॅडचा अकाउंटंट, गोल्डिंगचा रॉजर आणि पिगीचं ते 'आपण बाहेरच्या बाजूला होतो', बेणारेचं कोर्ट, आणि 'होळी', एवढेच प्रसंग घे, प्रत्येकात परवानगी कोण देतं आणि बघत कोण उभं आहे हे मूळ ओळींवरून दाखव. अचेबेवर प्रश्न येणारच, तेव्हा भाषण मुळातून वाचून जा, दुसऱ्याने केलेल्या सारांशावर विसंबू नको. टोंगावर कोणी म्हणालं की मग माणूस चांगलाच ठरला, तर बेट रिकामं कोणी केलं ते सांग. 'होळी'चं पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत नसेल तर मला कळव, माझ्याकडे झेरॉक्स आहे, सेमिनारच्या आधी दोघातिघांनी मिळून एकदा मोठ्याने वाचून घ्या.